झाडांच्या पुस्तकांची यादी करताना छापल्याचं सालही पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत झाडांविषयी वाचण्याजोग्या सात पुस्तकांची यादी आली होती. मी बत्तीस वर्षं झाडांच्या छाटणीचं काम करतो. कमरेला दोर बांधून वर जायचं, वाळलेल्या आणि धोक्याच्या फांद्या सुखरूप खाली उतरवायच्या, हा माझा व्यवसाय. शाळा आठवीनंतर सुटली, पण वाचन सुटलं नाही. झाडांवरचं जे हाताला लागेल ते वाचत आलो. म्हणून ती यादी कापून ठेवली आणि एकेक नाव नीट पाहिलं. सहा पुस्तकं झाडांची ओढ लावणारी आहेत. त्यांतल्या एकाबद्दल थोडं सांगायचं आहे, ते पुढे लिहितो. सातवं पुस्तक झाडांची निगा आणि छाटणी शिकवणारं आहे, बरंच जुनं. हे पत्र त्या सातव्या पुस्तकासाठी आहे.

त्याचं नाव मी लिहीत नाही. त्या काळी सगळे जे मानत होते तेच लेखकानं मनापासून लिहिलं आहे. पण ते पुस्तक माझ्याकडे आहे, सुरुवातीची अकरा वर्षं मी त्याच्याच आधारानं काम केलं आणि त्यापायी माझ्या हातून झाडं खराब झाली. त्यात दोन गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. फांदी खोडाशी अगदी सपाट, रंधा मारल्यासारखी कापावी. आणि कापल्या जागी लगेच डांबर लावून जखम बंद करावी. मी दोन्ही करत होतो. काम झालं की खाली उभा राहून खोडावरचे ते काळे गुळगुळीत गोल समाधानानं बघत होतो.

मग ते शिरीषाचं झाड आलं. धंद्यात नवा असताना मी त्याची मांडीएवढी फांदी अशीच सपाट कापून वर डांबर फासलं होतं. काही वर्षांनी ते झाड वाऱ्यानं कलंडलं आणि उतरवायला मलाच बोलावलं. खोडाचा तेवढा भाग मी मुद्दाम उभा चिरला. डांबराचा थर शाबूत होता, नखानं खरवडला तरी निघेना. त्याच्या आतलं लाकूड ओलं, तपकिरी, मुठीत दाबलं की भुगा होणारं. ती कूज जखमेच्या वर हातभर आणि खाली जवळजवळ दोन हात उतरली होती. त्याच ओंडक्यावर दुसऱ्या अंगाला आणखी एक जुना काप होता. तो माझा नव्हता. कुणीतरी फांदीच्या बुडाचा फुगवटा तसाच ठेवून कापलेली ती फांदी, वर डांबर नाही, रंग नाही. त्या कापावर चारी बाजूंनी नवं लाकूड चढून तोंड मिटलं होतं आणि आत बोटभर काळपट डाग सोडला तर लाकूड स्वच्छ होतं. दोन्ही काप दिसतील अशी एक फळी मी त्या ओंडक्यातून काढून घेतली. अजून घरात भिंतीला टेकवून ठेवलेली आहे.

असं का झालं ते मला ॲलेक्स शिगो यांच्या 'अ न्यू ट्री बायॉलॉजी' या 1986 सालच्या पुस्तकानं सांगितलं. माझी धाकटी बहीण तेव्हा कॉलेजात होती. तिला झाडांतलं काही कळत नव्हतं आणि मला इंग्रजी जेमतेम. ती वाक्याचा अर्थ सांगायची, मी तिला त्यातलं चित्र समजावून द्यायचो. असं करत ते पुस्तक आम्ही पुरं केलं. शिगो अमेरिकेच्या वनखात्यात वनस्पतिरोगशास्त्रज्ञ होते, 2006 साली गेले. लाकूड बुरशीमुळे कुजतं हे रॉबर्ट हार्टिग या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. जिवंत झाड त्या कुजण्याला काय उत्तर देतं, हा प्रश्न शिगोंनी धसास लावला. चेन सॉ हाती घेऊन त्यांनी हजारो झाडं उभी चिरली आणि आत काय घडतं ते पाहिलं. मी एकच ओंडका चिरून चक्रावलो होतो.

1977 साली हॅरल्ड मार्क्स यांच्यासोबत त्यांनी एक सचित्र पुस्तिका काढली, तिच्यात हा सगळा विचार थोडक्यात आहे. माणसाच्या जखमेत खराब पेशींच्या जागी नव्या येतात. झाडाला ते जमत नाही. बिघडलेलं लाकूड आत कायमचं राहतं, आणि झाड त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडतं. अशा चार भिंती शिगो सांगतात. पहिली वर-खाली पसरणारी कूज अडवते आणि तीच सगळ्यात कच्ची, म्हणून माझ्या शिरीषात कूज खोडाच्या उभ्या अंगाला लांबवर गेली होती. दुसरी आत गाभ्याकडची वाट अडवते, तिसरी दोन्ही बाजूंची. चौथी भिंत मात्र जखम झाल्यानंतर तयार होते. सालीखालचा जिवंत थर, ज्याला कॅम्बियम म्हणतात, तो ती नव्यानं घालतो, आणि ती सगळ्यात पक्की असते. जखमेच्या वेळी असलेलं लाकूड तिच्या एका बाजूला, त्यानंतर वाढलेलं दुसऱ्या बाजूला. आतून पार पोकळ झालेलं झाड बाहेरून पालवी फुटत वर्षानुवर्षं उभं कसं राहतं, ते या चौथ्या भिंतीमुळे.

आता सपाट कापण्यात चूक काय होती? फांदी जिथं खोडातून निघते तिथं बुडाशी एक जाडसर वळकटी असते. वरच्या बेचक्यात सालीची सुरकुतलेली कडा दिसते आणि खालच्या अंगाला फुगवटा. काही झाडांत तो डोळ्यांना ठळक दिसतो, काहींत दिसत नाही पण हाताला लागतो. अंगठा फांदीच्या खालून खोडाकडे सावकाश सरकवत न्या, जिथं फांदीची गोलाई संपून जाडी वाढायला लागते तिथं ती वळकटी, म्हणजे कॉलर, सुरू झाली. तिच्यात खोडाचं लाकूड असतं. फांदी कॉलरच्या बाहेर कापली तर जखम फांदीपुरती राहते. मी फांदीसोबत कॉलरही काढत होतो, म्हणजे दर वेळी खोडालाच घाव घालत होतो आणि झाडानं कूज अडवण्यासाठी राखलेली जागाच उडवत होतो. डांबराचं तर शिगो आणि त्यांचे सहकारी वॉल्टर शॉर्टल यांनी 13 वर्षं प्रयोग करून पाहिलं आणि 1983 मध्ये निष्कर्ष छापले. जखमेवर लावायच्या लेपांनी कूज थांबत नाही. (ओकच्या मर रोगासारखा एखादा रोग किड्यांमार्फत ताज्या जखमेवर येतो, तिथं किडे दूर ठेवायला रंग लावतात. ती गोष्ट वेगळी.) ढोली खरवडून तिच्यात सिमेंट भरणंही याच कारणानं मागे पडलं. खरवडताना झाडानं घातलेली भिंत फुटते आणि कोंडलेली कूज निरोगी लाकडात शिरते.

म्हणून झाडांच्या निगेचं कुठलंही पुस्तक हातात आलं की मी आधी छापल्याचं साल बघतो, मग छाटणीच्या प्रकरणातलं चित्र. कापायची रेघ खोडाला चिकटून काढली असेल, किंवा शेजारी रंगाचा डबा आणि ब्रश दाखवला असेल, तर ते पुस्तक इतिहास म्हणून वाचावं, करवत हातात घेऊन वाचू नये.

यादीत काय असायला हवं होतं, तेही सांगतो. ज्याला झाड म्हणजे काय इथपासून सुरुवात करायची आहे त्यानं पीटर थॉमस यांचं 'ट्रीज : देअर नॅचरल हिस्टरी' घ्यावं. 2000 साली केंब्रिजनं काढलं, 2014 मध्ये सुधारून पुन्हा आलं. पाणी एवढ्या उंच पानापर्यंत कसं चढतं, खोड जाड कसं होतं, झाडं म्हातारी कशी होतात, मुळं खरी कुठं असतात, असं सगळं त्यात आहे. मुळांचं प्रकरण माझ्या दृष्टीनं त्या पुस्तकाचं मोल. आपल्या डोळ्यांसमोर चित्र असतं की जेवढं झाड वर तेवढंच खाली. प्रत्यक्षात बहुतेक मुळं मातीच्या वरच्या अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये आडवी पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात. हे वाचल्यावर, खोडाभोवती हातभर जागा सोडून बाकी फरशी घालणाऱ्यांशी मी कामाआधी बोलायला लागलो. जेम्स अर्बन यांचं 'अप बाय रूट्स' (2008) मातीवरचं आहे. बांधकामाच्या गर्दीत झाड लावणाऱ्या आर्किटेक्ट, इंजिनिअर मंडळींनी ते जरूर पाहावं.

छाटणीसाठी एडवर्ड गिलमन यांचं 'ॲन इलस्ट्रेटेड गाइड टू प्रूनिंग'. ज्याचं इंग्रजी माझ्यासारखं आहे त्यानं इथूनच सुरुवात केली तरी चालेल, कारण चित्रांवरच निम्मं काम भागतं. गिलमन फ्लोरिडा विद्यापीठात शिकवत असत. झाड लहान असतानाच त्याला वळण लावा, हे ते परोपरीनं सांगतात. लहानपणी अंगठ्याएवढी फांदी काढली तर जखम लवकर मिटते. तीच मांडीएवढी झाल्यावर काढायची वेळ आली की माझा शिरीष होतो. शेंडा मारण्याविषयीही त्यांचं म्हणणं स्वच्छ आहे. झाड धोक्याचं वाटतं म्हणून डोकं उडवलं की कापलेल्या टोकांना कूज लागते आणि त्याच्या भोवती धुमाऱ्यांचे झुबके फुटतात. ते झपाट्यानं उंच होतात, पण नुसते वरच्या थराला चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांनी त्या कुजक्या टोकावर जड फांद्या, म्हणजे धोका आधीपेक्षा जास्त. शेंडा मारून द्या, असा आग्रह मला अजून दर महिन्याला होतो. मी ते काम घेत नाही, गिलमन यांच्या पुस्तकातलं पान उघडून दाखवतो. बरेच लोक चित्र पाहून ऐकतात.

क्लॉस मॅथेक हे जर्मनीत कार्ल्सरूहेचे, मूळ भौतिकशास्त्राचे. हेल्गे ब्रेलोअर या वकील बाईंसोबत लिहिलेलं त्यांचं 'द बॉडी लँग्वेज ऑफ ट्रीज' 1994 मध्ये इंग्रजीत आलं. झाड कसं मोडतं, याचं ते पुस्तक आहे. झाडावर जिथं ताण जास्त येतो तिथं ते जास्त लाकूड घालतं, त्यामुळे खोडावरची फुगीर कडा, उभी धार, आडवी घडी हे सगळं वाचता येतं, असं ते सांगतात. त्यातलं बेचक्याचं चित्र मी विसरणार नाही. सारख्याच जाडीची दोन खोडं अरुंद कोनात वर गेलेली, मधल्या फटीत साल आत दबलेली. लाकूड लाकडाला जोडलेलंच नाही, मध्ये सालीचा पडदा, आणि त्याची भरपाई करायला दोन्ही अंगांना कानासारखे फुगवटे. त्या वेळी मी एका मोठ्या झाडाचं काम दर दोन वर्षांनी करत असे आणि वर जाताना माझा दोर हमखास अशाच एका बेचक्यात टाकत असे, कारण तो हाताशी पडायचा. पुस्तक वाचून मी त्या झाडाखाली गेलो. फुगवटे होते, दोन्ही बाजूंना. माझं सगळं वजन मी कितीतरी वेळा त्या सालीच्या पडद्यावर टांगलं होतं.

ते झाड तोडावं लागलं नाही. गिलमन सांगतात तसं दोनपैकी एक खोड आम्ही टप्प्याटप्प्यानं आखूड केलं. प्रत्येक वेळी थोडंच, बाजूच्या चांगल्या फांदीपर्यंत. आखूड केलेल्याची वाढ मंदावली, दुसरं पुढे गेलं, बेचक्यावरचा भार उतरला. दोर आता दुसरीकडे टाकतो. मॅथेक यांनी लहान मुलांसाठीही 'श्टुप्सी' नावाच्या साळूसारख्या काटेरी प्राण्याच्या तोंडून हाच विषय चित्रांत सांगितला आहे. घरात मूल असेल तर ते पुस्तक घ्या, वाचताना मोठ्यांनाही समजेल.

ज्याला हा व्यवसाय म्हणून करायचा आहे त्याच्यासाठी इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चर (आर्बोरिकल्चर म्हणजे झाडांच्या निगेचं शास्त्र) या 1924 सालच्या संस्थेची परीक्षेची अभ्यासपुस्तिका आहे, शॅरन लिली यांनी लिहिलेली. माती, पाणी, लागवड, छाटणी, आधाराचे दोर, रोगनिदान, धोका, कामगाराची सुरक्षितता, सगळं एका जागी आणि प्रत्येक प्रकरणाशेवटी प्रश्न. लागवडीच्या प्रकरणात एक ओळखीची खूण आहे ती कुणीही करून बघावी. निरोगी झाडाचं खोड जमिनीशी पसरट होतं, पावलासारखं. ते खांबासारखं सरळ मातीत शिरलं असेल तर झाड खोल लावलंय किंवा मागाहून माती चढवलीय, आणि बुंध्याची साल आत दमट राहून कुजायची भीती आहे. रिचर्ड हॅरिस यांचं 'आर्बोरिकल्चर' हा मोठा ग्रंथ. पहिली आवृत्ती 1983 ची, चौथी 2004 मध्ये जेम्स क्लार्क आणि नेल्डा मॅथेनी यांच्यासह. तो सलग वाचायचा नाही, अडलं की उघडायचा. जेफ जेपसन यांचं 'द ट्री क्लाइंबर्स कंपॅनियन' छोटं, गाठी आणि दोरांच्या सुरेख चित्रांचं आहे. पण चढाई पुस्तकावरून शिकू नये, ही माझी कळकळीची विनंती. जाणत्या माणसाबरोबर, जमिनीपासून दोन हातांवर शिकावी आणि पुस्तक उजळणीसाठी ठेवावं.

आता यादीतल्या पीटर वोहलेबेन यांच्या 'द हिडन लाइफ ऑफ ट्रीज' विषयी. जर्मनीतल्या या वनरक्षकाचं पुस्तक मूळ 2015 चं. त्यानं किती लोकांना झाडाखाली थांबून वर बघायला लावलं याची मला कल्पना आहे, माझ्याकडे कामासाठी येणारे लोकच मला त्यातलं सांगतात. म्हणून ते यादीत असावंच. त्यासोबत एवढं लिहायला हवं होतं की झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांची काळजी घेतात, हा त्यातला भाग शास्त्रज्ञांमध्ये वादाचा आहे. सुझॅन सिमार्ड यांनी बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते हे 1997 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं, त्यांचं 2021 चं 'फाइंडिंग द मदर ट्री' हे आत्मकथनही वाचण्यासारखं आहे. 2023 मध्ये तिघा संशोधकांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले आणि लोकांपुढे जेवढं सांगितलं जातं तेवढं जंगलातल्या प्रयोगांतून सिद्ध झालेलं नाही, असं लिहिलं. त्यांपैकी मेलनी जोन्स या 1997 च्या त्या शोधनिबंधाच्याही सहलेखिका होत्या. आपल्याच कामाकडे असं पुन्हा बघणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. मला स्वतःला ते करायला अकरा वर्षं आणि एक मोडलेलं झाड लागलं.

जुनं ते टाकाऊ असंही मी म्हणत नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. दोन झाडांत वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम, बारा सगळ्यात कमी, असं त्यात सांगितलं आहे. वीस हात म्हणजे सुमारे नऊ मीटर. एकमेकांत घुसलेल्या, सूर्याकडे ताणत एका अंगाला वाकलेल्या झाडांवर मी निम्मं आयुष्य चढलो, त्यामुळे ते आकडे वाचले तेव्हा सांगणाऱ्यानं झाडं डोळ्यांनी पाहिली होती याची खात्री पटली. ती सूचना आजही लागू पडते, डांबराची लागू पडत नाही. एवढा फरक यादी करणाऱ्यानं वाचकाला सांगावा.

माझं मागणं दोन गोष्टींचं आहे. पुढच्या वेळी अशी यादी द्याल तेव्हा प्रत्येक पुस्तकापुढे पहिल्या आवृत्तीचं साल छापा, आणि झाड हाताळायला शिकवणारी निदान दोन पुस्तकं तरी घ्या. दुसरं अधिक निकडीचं. त्या सातव्या पुस्तकाबद्दल पुढच्या पुरवणीत एक ओळ छापा, की फांदी खोडाशी सपाट कापणं आणि जखमेवर डांबर लावणं या त्यातल्या सूचना आता पाळू नयेत. ती यादी कापून ठेवणारा मी एकटाच वाचक नसेन, आणि कुणीतरी ते पुस्तक मिळवून करवत घेऊन बाहेर पडलंही असेल.

भिंतीला टेकवलेल्या त्या फळीचा फोटो सोबत पाठवत आहे. जागा असेल तर तोही छापावा. डावीकडचा काप माझा आहे.

आपला नम्र,
झाडांच्या छाटणीचं काम करणारा एक वाचक